आठ रिठे आणि आईची नथ

आधीच सांगून टाकते, आईच्या नथीची वाट मी लावली. मीच! वय वर्षं दहा, गरम पाण्याचं पातेलं आणि आठ रिठे.

झालं असं. नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही राहुरीजवळ राहायचो आणि ताईचं लग्न ठरलं होतं. आईकडे माहेरची एकच वस्तू होती, तिच्या पणजीपासून आलेली नथ. बारीक बारीक मोती, आणि मधोमध कोंदणात लाल खडा, डाळिंबाच्या दाण्याएवढा. आई म्हणायची माणिक. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, म्हणायची काच. आईच्या लग्नातच म्हणाली होती, भर मांडवात, "एवढं मोठं माणिक तुमच्याकडं कुठलं वहिनी? काच असंल." त्यानंतर वीस वर्षं, कुठलंही कार्य असो, आई नथ घालायची आणि आत्या वाकून बघायची. बोलायची काही नाही. नुसतं बघायची! आणि आई कधी सराफाकडे गेलीच नाही. काचच निघाली तर?

पण आता नथ ताईला द्यायची होती. "खोटी असंल तर न्हाई द्यायची," आई म्हणाली. "माझं झालं ते झालं. हिला सासरी कुणी वाकून बघायला नको."

म्हणून नगरला जायचं ठरलं. मला वाटलं, सराफ बघणार म्हणजे नथ कशी झकास चमकली पाहिजे! आई बांगड्या रिठ्याच्या पाण्यात धुते हे मी बघितलं होतं. आदल्या दिवशी दुपारी ती पत्रिका द्यायला गेली, मी नथ काढली, गरम पाण्यात टाकली, आणि लंगडी खेळायला गेले ती विसरलेच! परत येऊन बघते तर मोती ठीक, सोनं मस्त, आणि खडा? मेला होता हो. लाल रंग गेलेला, मधे काळपट डाग, कडेनं पांढरट. मी नथ पुसली, डबीत ठेवली आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी एसटीत खिडकी मिळाली तरी मजा येईना. आईचा हात सगळा वेळ मांडीवरच्या पिशवीवर.

सराफ म्हातारे होते. त्यांनी डबी उघडली. आईनं नथ बघितली आणि तिचा चेहराच उतरला. अगदी हळू म्हणाली, "काचच हुती म्हणायची."

मी भोकाड पसरलं. "मी धुतली! आठ रिठे टाकले!"

सराफ हसायलाच लागले. "आठ? घोंगडी धुवायची होती का गं?" मग आईला म्हणाले, "जुन्या कामात खड्याच्या खाली रंगीत चकचकीत पत्रा घालायचे बाई. डांक म्हणतात त्याला. त्यात पाणी गेलंय. खडा काढून बघू?"

"बघा," आई म्हणाली. "आता काय राहिलंय."

त्यांनी बारीक हत्यारानं कोंदणाची कड उचलली, खडा चिमट्यात धरला, उजेडाकडे केला आणि भिंगातून बघत बसले. इतका वेळ, की माझं रडणंसुद्धा संपलं. "काचेत बुडबुडे दिसतात," ते म्हणाले. "यात नाहीत. ये पोरी, तू बघ." आणि मी बघितलं! आत धागे होते, रेशमाचे बारीक बारीक तुकडे करून ठेवल्यासारखे!

"माणिक आहे," ते म्हणाले. "पण फिकं, गुलाबी. किंमत फार येणार नाही."

"किंमत न्हाई इचारली," आई म्हणाली. "खरं हाय ना?"

"खरं आहे."

आई पदर तोंडाला लावून बसून राहिली. सराफांनी तिला चहा मागवला.

"नवा लाल डांक घालून देतो," ते म्हणाले, "होतं तसं लालभडक दिसेल. नाहीतर असंच बसवलं तर लोक काच म्हणतील हं."

मला वाटलं, आई लालच करून घेणार. आत्या होती ना! पण आईनं माझ्याकडे बघितलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "डांक नको. ही बया परत धुवायची." मग म्हणाली, "हाय तसंच बसवा. कुणी इचारलं तर पोरीला खरं सांगता यावं."

लग्नात ताई नथ घालून बसली आणि आत्या आलीच. वाकली. "वहिनी, रंग उडाला व्हय हिचा?"

"उडू द्या वन्सं," आई म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा उलट बोलली! "माणिक हाय ते. जवळून बघा. चांगलं जवळून बघा."

आत्यानं बघितलं. बराच वेळ. मग दोन बोटांनी ताईच्या नाकावर तिरकी झालेली नथ हळूच सरळ केली.

"तुमच्या मांडवात पन अशीच तिरकी झालती," ती आईला म्हणाली. "तवाच सरळ करायला पायजे हुती मी."