एका माणसाचा भात

आमच्या ह्यांचा धंदा पडद्यांचा. लोकांच्या खिडक्या झाकण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे झाकून ठेवायची खोड अंगात मुरलेली. चष्मा हरवला तरी सांगणार नाहीत, अंदाजाने कात्री चालवतील. आणि घरात पाण्याचा पेला जागेवरून उचलला असेल तर शपथ. एकदा मी तापाने पडले होते तेव्हा ह्यांनी चहा केला, त्यात साखरेऐवजी मीठ. तो किस्सा माझा सगळ्या नातेवाइकांना सांगून झालाय.

म्हणूनच मुलीचा फोन आला, "आई, बाळंतपणाला येशील ना?" तेव्हा माझा जीव खालीवर झाला. पहिलंच बाळंतपण, परकं गाव, जावई दिवसभर कामावर. पण मी गेले तर ह्यांना खायला कोण घालणार? हे ताटावरून मान न उचलता म्हणाले, "जा की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मिठाच्या चहावर राहणार का?" मी बोलून गेले. मुलीला कळवलं, जमेलसं वाटत नाही. ती नुसतं 'बरं' म्हणाली आणि त्या 'बरं'ने माझी भूक गेली.

त्यानंतर माझ्या मोबाइलला काय झालं कोण जाणे. एरवी व्हिडिओ उघडले की भरतकाम नाहीतर कुंडीतली रोपं. आता ओळीने 'एका माणसासाठी भात', 'एकट्या पुरुषांसाठी सोपा स्वयंपाक', 'एकटं राहायला शिका'. हे वेगळं बिऱ्हाड करतायत की काय? ह्या वयात? की मी मेल्यानंतरची तयारी? भीती वाटली आणि रागही आला. राग जरा जास्तच.

ह्यांच्या दुकानाला लागून एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बसते. तिला मोबाइल दाखवला तर ती हसायलाच लागली. "काकू, हे काकांचे उद्योग. त्यांना कोणाला कळू न देता व्हिडिओ बघायचे होते. म्हणून मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर वेगळा प्लेअर टाकून दिला. व्हिडिओची लिंक त्यात टाकली की खात्यात पाहिल्याची नोंद राहत नाही. पण काका व्हिडिओ शोधतात तुमच्याच खात्यातून. तुमच्या लेकीने मोबाइलवर आणि दुकानात एकच खातं लावून दिलंय ना? मग शोधलेलं सगळं तुमच्यापुढे येणारच."

म्हणजे खिडकीला जाडजूड पडदा आणि दार सताड उघडं. आणि म्हणे पडदेवाले.

मी मागच्या दाराने दुकानात शिरले आणि टांगलेल्या पडद्यांआड उभी राहिले. चहाच्या शेगडीवर पातेलं होतं. हे गळ्यात टेप अडकवून प्लेअरसमोर बसलेले. त्यातली बाई म्हणाली, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी ठेवा. ह्यांनी तिला तिथेच थांबवलं. आधी टेपने आपलं पेर मोजलं, मग पातेल्यात टेप सोडून पाणी मोजलं, आणि ते माप खडूने अस्तराच्या तुकड्यावर लिहिलं. बाजूला आधीचा भात होता, पडद्यांना खळ करता आली असती असा. त्यांनी तो चाखला, तोंड वाकडं केलं आणि बसून सगळा संपवला. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तशीच पाय न वाजवता घरी आले आणि मुलीला फोन केला, "येतेय मी."

जेवताना ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "आणि माझं?"

"तुमचं तुम्ही बघा."

"बघतो काहीतरी," म्हणाले, जसे काही माझ्यावर उपकारच करतायत. कॉम्प्युटरवाली म्हणत होती, खाती वेगळी करून देते. तिला म्हटलं, हात लावशील तर खबरदार.

नात झाली. आईसारखीच नकटी, आवाज मात्र आजीचा. आणि इकडे मोबाइलवर मला आमच्या स्वयंपाकघराची खबर मिळत होती. आधी 'करपलेलं पातेलं कसं घासावं', तेही लागोपाठ. मग अंडी उकडणं. 'उरलेल्या भाताचं काय करावं' आलं तेव्हा मी मुलीला म्हटलं, तुझे बाबा मार्गी लागले. फोनवर मात्र ह्यांचं एकच, "खाणावळीतून आणतो. उत्तम चाललंय."

मुलगी म्हणाली, अजून थोडे दिवस राहा. बाळाचा लळा लागला होता, मीही हो म्हणणारच होते. हे एकदाही "कधी येतेस" म्हणाले नव्हते. विचारतील तर ते हे कसले. त्या दुपारी बाळ झोपल्यावर मी मोबाइल उघडला. सगळ्यांत वर होतं, 'दोन माणसांसाठी भात, पाणी किती घालावं'.

मी मुलीला हाक मारली. "माझं तिकीट काढ."

"का गं? बाबांनी बोलावलं?"

"हो," मी म्हटलं.