दीड मिनिटांचा मुखडा

‘वस्तू हरवत नसते, ती भलत्याच्या घरी असते,’ हे वाक्य माझ्या पत्नीचे मामा आयुष्यभर उच्चारत आले, आणि ते शब्दशः खरे करून दाखवणारा भलता माणूस मी आहे. त्यांच्याइतका दुसऱ्यावर विश्वास टाकणारा गृहस्थ लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत सापडायचा नाही. त्या विश्वासाचा मी नऊ वर्षे गैरफायदा घेतला. मात्र ज्यांच्यापासून काही लपवले ते कसे आहेत हे आधी सांगायला हवे. नाहीतर माझ्या अपराधाचे वजन कळणार नाही.

मामा तरुणपणी जत्रा-बाजारांतून फिरणाऱ्या तंबूतल्या टॉकीजवर यंत्र चालवीत. तंबू गेले, यंत्रे भंगारात गेली, मामांच्या डोक्यातले रीळ मात्र फिरतच राहिले. सिनेमा नुकता बोलू लागला होता त्या काळातले संगीतपट, ज्यांत नायिका पाणी मागायचे असले तरी गाऊनच मागे, हे त्यांचे आराध्य. त्यातले बहुतेक आज कुठेच शिल्लक नाहीत, हे त्यांना मान्य नाही. म्हणून ते कोणाच्याही घरी गेले की यजमानांकडे न पाहता माळ्याकडे पाहतात. एकदा देवणीकडे एका शेतकऱ्याकडे आम्ही बारशाला गेलो होतो. तर मामा पाळण्याकडे न जाता थेट शेतात गेले. ज्वारीवर पाखरे बसू नयेत म्हणून त्या भल्या माणसाने बांधाभोवती सिनेमाची फीत ताणून बांधली होती आणि ती उन्हात चकाकत होती. मामा बांधाने चालत ती गुंडाळू लागले. शेतकरी मागून धावत आला. “मामा, पाखरं खातेत की ज्वारी.”

“खाऊ द्या थोडी. ह्यात बाई गाऊन राहिली, अन् तुम्ही तिला बुजगावणं केलंय,” मामा म्हणाले. शेवटी त्यांनी स्वतःचे उपरणे फाडून त्याच्या चिंध्या बांधावर बांधून दिल्या, आणि बारशाचे जेवण त्या फितीला मांडीवर घेऊन केले. पुढे तिच्यात बाई निघाली नाही, साबणाची जाहिरात निघाली. मामांनी तीही पुसून जपून ठेवली.

फितीला बोटांचा घाम लागू नये म्हणून ते पांढरे सुती हातमोजे घालतात, आणि ते काढायचे विसरतात. एका लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी त्यांना आपल्यातला समजून हाती झांजा दिल्या, तेव्हा मामांनी नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत त्या चोख वाजवल्या. फितीच्या कडेला आवाजाची एक बारीक नागमोडी रेघ असते. ती उजेडाकडे धरून मामा गुणगुणतात आणि आपण ती वाचतो आहोत असे छातीठोकपणे सांगतात. औशाच्या बसस्थानकावर त्यांचे हे वाचन रंगात आले असता कंडक्टर दारातून ओणवा होऊन म्हणाला, “मामा, येताव का गाताव?”

“अंतरा होऊ द्या की,” मामा म्हणाले. बस गेली. अंतरा झाला.

ही विद्या त्यांना दिली ती उदगीरच्या एका ऑपरेटरने. मामा त्यांना उस्ताद म्हणत. उस्ताद वारले तेव्हा त्यांच्या मुलीने घरातला एक गोल डबा मामांच्या हवाली केला. त्यात एका हरवलेल्या संगीतपटातल्या गाण्याचे रीळ होते. ते अन्यत्र कोठेही नव्हते. मामा तो डबा घेऊन माझ्या नांदेडच्या घरी आले आणि किनवटकडे आणखी एक रीळ आहे असे कानावर आल्याने तो फडक्यात बांधून माझ्याकडे ठेवून पुढे निघाले. डबा त्यांनी उघडलासुद्धा नव्हता. नव्या गावाची हवा रिळाला अंगवळणी पडली पाहिजे, हा त्यांचा नियम. “जावईबापू, हात लावू नका बरं का. पाटावरला नवरदेव समजा.”

वैशाखाचे दिवस होते. पत्नी माहेरी होती. दुसऱ्या दिवशी डब्यातून आंबट वास येऊ लागला. मी महाविद्यालयात ग्रंथपाल. वास आला की ऊन दाखवायचे, हे तुरीपासून गाद्यांपर्यंत आमच्याकडे सर्वांनाच ठाऊक, आणि पुस्तकांच्या बाबतीत तर तो माझा पेशाच. शेजारणीच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या. त्यांच्या शेजारी बाजेवर धोतर अंथरून मी ते रीळ सैल करून ठेवले आणि कामावर गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा कुरडया उत्तम झाल्या होत्या. रिळाचा वरचा, म्हणजे गाण्याच्या आरंभाचा भाग तळलेल्या पापडासारखा आक्रसून त्याचे वेढे एकमेकांना चिकटले होते. मी ते होते तसे गुंडाळले, डबा बंद केला आणि वरच्या फडक्याची गाठ, दुर्दैवाने, अगदी मामांसारखी मारली.

मामा किनवटहून हसत आले. तिथले रीळ कुटुंबनियोजनाच्या माहितीपटाचे होते. “नायिका शोधाय गेलतो, लाल त्रिकोण घेऊन आलो,” म्हणत त्यांनी माझ्याकडचा डबा छातीशी धरला आणि ते लातूरला गेले. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी बोलायला तोंड उघडले होते. तेवढ्यात ते म्हणाले, “उस्तादानं घात केला, जावईबापू. पत्र्याखाली ठेवलं असणार. लेकरागत ठेवायचं सोडून.” मी म्हणालो, “अरेरे.” माझी नऊ वर्षांची लबाडी या तीन अक्षरांनी सुरू झाली.

त्या नऊ वर्षांत मामांनी काय केले नाही? पुण्याच्या प्रयोगशाळेत चकरा मारल्या. चिकटलेले वेढे औषधी पाण्यात भिजवून सोडवून आणले, भिंगातून पाहत फितीची फाटलेली भोके एकेक करून सांधली. चित्र परत आले. बाई डोळे मिटून गाते आहे, हे दिसू लागले. मुखड्याचा दीड मिनिटांचा आवाज मात्र गेला तो गेला. दर सांधलेल्या भोकामागे ते उस्तादांच्या नावाने एक शिवी हासडीत. ज्यांचे नाव घेताना पूर्वी कानाची पाळी धरीत त्यांच्या घरी जाणे त्यांनी सोडले. मी दर वेळी त्यांच्या हातचा चहा घेई आणि मान हलवी.

गेल्या महिन्यात लातूरच्या एका सभागृहात ते गाणे दाखवायचे ठरले. उस्तादांची मुलगीही उदगीरहून येणार होती. आदल्या दिवशी दुपारी मामांनी पडद्यावर आरंभी यायचा मजकूर माझ्यापुढे ठेवला. “तुम्ही पुस्तकातले माणूस. भाषा तेवढी बघून द्या.” मजकुरात उस्तादांचे पूर्ण नाव होते, आणि त्यापुढे लिहिले होते की त्यांच्या निष्काळजीपणामुळे या गाण्याच्या मुखड्याचा आवाज कायमचा नष्ट झाला आहे.

“त्यांच्या मुलीसमोर हे दाखवणार?” मी विचारले.

“खरं ते दाखवायचं. मेल्या माणसाची भीड कशाला?”

“हे खरं नाही, मामा,” मी म्हणालो, आणि बाज, धोतर, कुरडया, गाठ, सगळे सांगितले.  मामा चष्मा काढून पुसत राहिले. ओरडले असते तर मला हलके वाटले असते.

“कुरडया तरी बऱ्या झाल्या होत्या का?” त्यांनी विचारले.

“झाल्या होत्या.”

“हं.” त्यांनी तो कागद फाडला. “मला म्हातारपणी गुरुद्रोही केलाव तुम्ही. माझ्याकडं माफी मागू नका. मी तुम्हाला उद्या सकाळपर्यंत माफ करून टाकीन, माझा स्वभावच वंगाळ हाय. मी मागीन माझी, तुम्ही मागा तुमची. तिच्याकडं. चार माणसांत.”

दुसऱ्या दिवशी सभागृहात चाळीसेक माणसे होती. पहिल्या रांगेत साठीच्या एक बाई, उस्तादांची मुलगी, हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मामा आधी उठले, त्यांच्या पायांशी वाकले आणि शेजारी जाऊन बसले. माझा आवाज मुळात लहान. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून मी उभा राहिलो.

“ताई, तुमच्या वडिलांनी हे रीळ मरेपर्यंत जिवापाड जपलं होतं. ते उन्हात मी घातलं, आणि नऊ वर्षं त्यांच्या नावावर खपवलं. आता पडद्यावर बाई गाताना दिसतील आणि दीड मिनिट काहीच ऐकू येणार नाही. ते माझ्यामुळं. मला क्षमा करा.”