खंडेनवमीचा ठोकळा

आधीच सांगते... मी केमिस्ट्रीची बाई. लिंबू-मिरची, दृष्ट, अंगात येणं — असल्या गोष्टींवरून घरात कित्येकदा भांडलेय. आजही भांडते. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय, पण लिहिते.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली मी, बीएस्सी होऊन डोंबिवली एमआयडीसीत लेलेकाकांच्या छोट्या प्लास्टिक कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलेले. एका प्रयोगशाळेने आमच्याकडून पॉलिथिनचे जाड ठोकळे मागवलेले. कशाला? तर अंतराळवीरांना तिथल्या रेडिएशनपासून वाचवायला काय वापरावं, याच्या चाचण्यांसाठी! लोकांना वाटतं, शिसं लावलं की झालं. पण अंतराळातले वेगवान कण शिशावर आदळले की त्यातून आणखीच कण फुटतात. त्यापेक्षा भरपूर हायड्रोजन असलेलं साधं पॉलिथिन बरं — दुधाच्या पिशवीचा थोरला भाऊच म्हणा ना. मी कोळीवाडाभर सांगत सुटले होते.

घोळ एकच होता. ठोकळा कापला की बरोब्बर मधोमध पोकळी. प्रत्येक वेळी. पोकळी म्हणजे माल नापास. प्रयोगशाळेने आता शेवटची संधी दिलेली.

खंडेनवमीला सकाळी मी स्वतः डायमध्ये, म्हणजे साच्यात, प्लास्टिकचा दाणा भरला, वरून दाब देणारी प्रेस आवळली, माल वितळवला. तेवढ्यात पूजेची वेळ झाली. काकांनी मेन स्विच पाडला — आता दसरा होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. ठोकळा तसाच आत राहिला.

पूजेला मी आईला आणलेलं. बाबा होडीसकट खाडीत गेले, त्यानंतर मासळी विकून तिनेच मला शिकवलं. प्रेसकडे बघत तिने विचारलं, "ह्यो कशाला गो, बाय?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "वर गेलेल्या पोरांच्या आया... त्यांना झोप कशी येत असंल?"

मी कुंकवाची वाटी तिच्या हातात दिली. ऑपरेटर पवारमामा साताऱ्याकडचे, मनाने चांगले, पण पटकन पुढे होऊन मला म्हणाले, "ताई, राग मानू नका. ह्ये सवाष्णीचं काम हाय. उद्या माल फसला म्हंजे?"

आईने वाटी खाली ठेवली. माझं डोकंच फिरलं. "फसला तर माझ्यामुळे फसेल, मामा. कुंकू आईच लावणार."

लेलेकाका चष्मा पुसत म्हणाले, "लावा हो, निःसंकोच लावा."

आईने प्रेसच्या बाहेरच्या पत्र्याला बोट टेकवलं. घरी येताना बसमध्ये ती एवढंच बोलली, "वाईट झाला त माज्यावर येल, बाय." मला ते इतकं लागलं की दसऱ्याचं श्रीखंडही गोड लागेना.

दसऱ्यानंतर प्रेस उघडली. ठोकळा करवतीखाली घातला. सगळे गोळा झालेले. दोन तुकडे वेगळे झाले — पोकळी नाही! आणि जिथे नेहमी पोकळी यायची, अगदी तिथे... टिकलीएवढा लाल ठिपका. कुंकवाचा.

पोकळीचं कारण मला लगेच कळलं. आम्ही घाईने पाणी सोडून माल गार करायचो. मग बाहेरचा भाग आधी घट्ट व्हायचा आणि मधला ताणून फाटायचा. सुट्टीमुळे हा ठोकळा दाबाखाली सावकाश गार झाला. तीच पद्धत ठेवली आणि पुढचे ठोकळे पास झाले. ते कधी अंतराळात गेले का, माहीत नाही. पण कसोटीला उतरले, आणि ते आमच्या शेडमध्ये बनलेले होते. मला त्याचा आजही भयंकर अभिमान आहे.

पण तो ठिपका? दाणा मी भरलेला, कुंकू बंद प्रेसच्या बाहेर लागलेलं. दाण्यात आधीच पडलं असेल म्हणून तेच कुंकू मी नंतर मुद्दाम मालात घालून तापवलं, तर करपून काळपट झालं. हा ठिपका लालभडक होता. आतापर्यंत कितीतरी जणांना विचारलंय... पटेल असं उत्तर कोणी दिलेलं नाही, आणि मलाही सापडलेलं नाही.

पवारमामा तेव्हा तुकडा हातात घेऊन नुसते बघत राहिले. पुढच्या खंडेनवमीला आईची बस शीळफाट्याला अडकली. मुहूर्त टळत आला, काका घड्याळ बघू लागले. मामा कुंकवाची वाटी धरून दारात उभे होते.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मावशी आल्याबिगर मशीनला कुंकू लागायचं न्हाई."