झाडे मिस्त्रीचा होकार

झाडे मिस्त्री माझ्या शेडमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याने विमानाकडे धड पाहिलंसुद्धा नाही. आंजीच्या माझ्या शेतात, टिनाच्या शेडखाली, सहा वर्षं खपून मी ते उभं केलं होतं. येणारा प्रत्येक जण पंखावरून हात फिरवायचा, सोबत फोटो काढायचा. हा गडी सरळ वाकला, इंजिनाच्या पोटात मुंडी घातली आणि म्हणाला, "पेट्रोल कुठून कुठं जाते ते दाखव. बाकी तुयं लाकूड-कापड मले पाहाचं नाई." ना रामराम, ना चहापाणी. माझं डोकं तिथेच फिरलं.

हा माणूस मला कधीच आवडला नाही. तो गेला म्हणून आता गोड लिहायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. किडकिडीत अंग, कानात कापसाचे बोळे आणि तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. हिंगणीचा. आयुष्यभर जंगलात सरकारी पेट्रोल जिपा चालवल्या आणि दुरुस्त केल्या, बस्स. हिंगणी हे माझ्या बायकोचं, सुनंदाचं माहेर; तिनेच ही ब्याद आणली. तिची अट एकच, "झाडेकाका हो म्हणतीन तवाच तुम्ही त्याच्यात बसायचं." मी आयटीआयमध्ये वीस वर्षं इंजिनं शिकवलेला माणूस, आणि मला पास करणार कोण, तर जीपचा ड्रायव्हर! उडवायच्या परवानगीची फाईल दिल्लीत फिरत होती, ती परवडली. घरची परवानगी ह्याच्या खिशात.

माझ्या विमानात पेट्रोलची टाकी सीटखाली आणि इंजिन त्याच्यापेक्षा वर. पेट्रोल वर चढवायला पंप हवाच. पहिल्या वेळी मी प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर बसवला होता. झाडेने तो काढला, पकडीत धरला आणि माझ्यासमोर कडकन चेचला. "हे फटफटीले ठीक हाय," म्हणाला, आणि तुकडे माझ्या हातात ठेवले. वर हसला.

मग मी ईर्ष्येला पेटलो. विजेवर चालणारा भारी पंप परदेशातून मागवला, सोबत बारीक कागदाचा धातूचा फिल्टर. दोन्ही इंजिनाशेजारी, हाताला येतील असे चकाचक बसवले. आधी फिल्टर, मग पंप. म्हटलं, आता बोल! झाडे आला, उकिडवा बसला आणि टाकीपासून पंपापर्यंत नळीवरून बोट फिरवत गेला.

"मास्तर, टाकी खाली, पंप वर, आन् मधात इतकी बारीक गाळणी. काऊन छळून राह्यला बे त्या पंपाले? पेट्रोल वढता वढता त्याचा जीव जाईन. आन् हे इंजिन तापलं का पेट्रोलची वाफ होते. वाफ काई पंपाले पकडता येत नाई. पंप खाली ने, टाकीजवळ. त्याच्या आंधी जाड जाळी लाव, बारीक गाळणी पंपाच्या नंतर. पंपानं ढकललं पाह्यजे, वढलं नाई पाह्यजे. आन् एक पंप जास्तीचा."

"मी इंजिनं शिकवतो," मी ओरडलो. "तुम्ही मला शिकवू नका!"

"तू पोट्ट्याईले शिकवतं. पेट्रोल तुया वर्गात येत नाई." मग म्हणाला, "उन्हाळ्यात जीप बंद पडली का आम्ही खाली उतरून पंपाले वलं पोतं गुंडाळत होतो. वर गेल्यावर तू कुठं उतरशीन?"

इंजिन बंद पडणार नाही, अशी मी पैज लावली. मे महिना, दुपारचे दोन. विमानाची शेपटी बाभळीच्या खुंटाला दोराने करकचून बांधली आणि इंजिन पूर्ण रेसवर सोडलं. सुनंदा पदर डोक्यावर घेऊन उभी होती. झाडे उलट्या क्रेटवर बसून घड्याळ बघत होता. पाच मिनिटं झाली, माझी छाती फुगली. आठव्या मिनिटाला इंजिन खोकलं, दोनदा गचके दिले आणि बंद पडलं. टाकी जवळजवळ भरलेली होती.

"मेला," झाडे म्हणाला.

"बंद पडलं म्हणा."

"इंजिन बंद पडलं. मेला तू."

सुनंदाचा चेहरा पांढराफटक पडला. ती शेडमध्ये निघून गेली. तिच्यादेखत बोलायची काय गरज होती? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चालते व्हा, आणि पुन्हा इथे पाऊल टाकू नका," असं मी त्याला, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला, सुनावलं. त्याने पिशवी उचलली. जाताना एवढंच म्हणाला, "जमलं का बलावजो."

दोन महिने मी शेडचं कुलूप काढलं नाही. मग काढलं, आणि दात-ओठ खात सगळं त्याने सांगितलं तसंच केलं. पंप खाली टाकीजवळ, आधी जाड जाळी, नंतर बारीक फिल्टर, शिवाय दुसरा पंप. पुढच्या मे महिन्यात त्याच उन्हात, त्याच वेळेला तासभर इंजिन पळवलं. एक गचका नाही. सुनंदा म्हणाली, "आता काकाले फोन लावा." मी म्हटलं, "त्याला गरज असेल तर येईल." जून गेला, जुलै गेला. ती रोज सांगायची आणि मी रोज विषय बदलायचो. विमान तयार, घरच्या परवानगीला फक्त त्याचं एक 'हो' बाकी, आणि ते मागायला माझी जीभ उचलेना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हिंगणीहून निरोप आला. झाडे झोपेतच गेला होता.

आम्ही भेटायला गेलो. त्याच्या सुनेने पाणी दिलं आणि मला नीट न्याहाळलं. "तुम्हीच का विमानवाले मास्तर? बाबा रोज इचारत, मास्तरचा फोन आला का म्हणून. पिशवी भरून ठेवली होती दाराशी. मी म्हणो, तुम्हीच लावा ना. तर म्हणत, नाई, त्यानं हाकललं हाय, त्यानंच बलावलं पाह्यजे. आन् म्हणत, मास्तरचं आता बरोबर झालं असन. मले न इचारता उडाला नाई म्हणजे झालं."

तिथे रडू यायला हवं होतं. मला संताप आला. एक फोन केला असता तर काय झिजला असता? कोण झिजला असता, तो की मी, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

 परतीच्या वाटेवर, आंजीजवळ शेड दिसल्यावर सुनंदा म्हणाली, "आता कोणाले विचारता?"

मी गाडी थांबवली. फोन काढून नावं चाळली; बोट झाडेच्या नावावरच येऊन थांबलं.