गौराक्काचे दोन डबे

पूल खेळायच्या क्यूची टिप बदलायला कुणी समोर उभं राहिलं, की गौराक्का आधी त्याच्या तोंडाकडं बघायची आणि विचारायची, "सकाळी घरात भांडून आलास काय रं?"

आता टिपेचा आणि घरातल्या भांडणाचा संबंध काय? पण तिचा तसा कायदाच होता. भांडून आलेल्याला मऊ टिप, शांत डोक्याच्याला कडक. "रागातला हात आधीच कडक असतोय की. त्यात टिपबी कडक दिली तर चेंडू टेबलावर ऱ्हाईल काय?" एवढं बोलून ती सुपातला लसूण सोलायला लागायची.

शाहूपुरीत एका धान्याच्या दुकानावरच्या माडीत तिचं पूल पार्लर होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिच्या यजमानांनी हौसेनं दोन टेबलं आणली आणि वर्षभरात ते गेले. शिरोळहून भाऊ आला, टेबलं विकून माहेरी चल म्हणाला. "मी न्हाय येत. टेबलं चालत्यात, मीबी चालतो," अक्का म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, पण अक्काच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. क्यूला ती शेवटपर्यंत काठीच म्हणाली. टिपा मात्र तीच चिकटवायची. क्यूच्या टोकाला बसते ती टिप म्हणजे चामड्याची बटणाएवढी चकती. त्यांचे दोन डबे होते: झाकण चेपलेल्यात मऊ, दुसऱ्यात कडक.

मला स्वतःला कधीच ठरवता आलं नाही. मऊ टिप चेंडूला धरते, फिरकी छान देते, पण लवकर दबते. कडक टिकते, पण हात जरा चुकला की सटकते. एक मित्र म्हणायचा मऊच, दुसरा म्हणायचा कडकच, आणि दोघंही मला हरवायचे! डोक्याचा पार भुगा झाला होता.

जिल्ह्याच्या सामन्यादिवशी सकाळी बाबांनी सांगून टाकलं, "आज हरलास तर ती काठी माळ्यावर. सोमवारपासून माझ्याबरोबर कारखान्यात." बाबा साखर कारखान्यात होते. मीही तोंडाला येईल ते बोललो आणि भरलं ताट सोडून बावड्यातल्या घरून थेट अक्काकडं आलो.

"भांडण जोरात झालंय वाटतंय," ती म्हणाली. माझी कडक टिप तिनं उचकटली आणि चेपलेल्या झाकणाच्या डब्यातली नवी चिकटवली. "मऊ हाय. आता हळू मार."

संध्याकाळी शेवटचा काळा चेंडू इतका हळू गेला, की भोकाच्या कडेलाच थांबतोय असं वाटलं. पण पडला एकदाचा! मी जिंकलो. बाबांनी काठीचा विषय पुन्हा काढला नाही. त्या दिवसापासून मी मऊ टिपेचा भगत झालो आणि दिसेल त्याच्याशी त्यावरून वाद घालत सुटलो.

काही वर्षांनी पार्लर बंद पडलं, अक्काही अंथरुणाला खिळली. भेटायला गेलो तेव्हा सहज म्हटलं, "अक्का, मऊ टिपेनं वाचवलं बघ मला."

ती खोकला येईपर्यंत हसली. "दिवाळीच्या झाडलोटीत दोनी डबे सांडले रं. मऊ कुठलं, कडक कुठलं, मला काय कळतंय? निम्मं ह्यात, निम्मं त्यात भरलो मी."

"कुठल्या दिवाळीत?"

"तुझ्या मॅचच्या आधीच्या."

"मग मी जिंकलो ते कशानं?"

"मला काय ठावं? मी काय काठी धरलोय व्हय कधी? रागानं हात कडक झाला हुता तुझा. मऊ हाय म्हणल्यावर सैल पडला."

त्याच आठवड्यात ती गेली. मला रडू आलं, आणि रागही आला. एवढी वर्षं मी कशाच्या जिवावर भांडत होतो? ती टिप मऊ होती का कडक, आता कुणालाच सांगता येणार नाही.

परवा जुना क्यू घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "पावणं, मऊ देऊ का कडक?"

मी दोन्ही टिपा हातात घेऊन बघितल्या. सगळं ठाऊक असूनही ठरवता येईना. मग आठवलं, सकाळी बायकोशी वाजलं होतं.

"मऊ द्या," म्हटलं.