कॅपा उत्तम आला

उत्रोलीत आम्ही दोघी नर्स, गावातल्या बायकांच्या पापण्या ओढून, रक्त कमी आहे का, ते एकमेकींना न विचारता लिहायचो. आमचं किती जुळतं, ते कॅपा नावाच्या आकड्यावरून ठरायचं. पहिल्या फेरीत कॅपा फारच कमी आला आणि डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांसमोर झाडलं. दुसऱ्या फेरीत पापणी फिकट दिसली की मी खोकायचे आणि दुसरी तेच लिहायची. भातलावणीतून उठून आलेल्या एका बाईकडे मी जेवणाच्या घाईत धड बघितलंच नाही. खोकले नाही.

“दोघीबी बरी म्हंता, म्हंजी बरीच हाय की मी,” म्हणत ती परत चिखलात उतरली.

महिन्याभरात ती गेली. अंगात रक्तच उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात कॅपा उत्तम आला म्हणून डॉक्टरांनी पेढे वाटले. खोटं कशाला सांगू, मी दोन खाल्ले.