खालच्या खाचराला सांगून

स्पॅनिश आणि भूमध्य समुद्राकाठचा इतिहास शिकायला मी स्पेनमधल्या वालेन्सियाला गेले, तेव्हा आमच्या पळसदरी गावात कुणाला त्याचा नीट अर्थ लागला नव्हता. कुणी विचारलं की आई "ती फॉरेनला शिकायला गेलीय" एवढं सांगायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला आत जायची. बाबा निघताना म्हणाले होते, "शीक. पन आमाला समजंल असं कायतरी शीक."

पहिला महिनाभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. मुंबईत शिकलेलं माझं स्पॅनिश दुकानात चालून जायचं. वर्गात मात्र माझं वाक्य मनात जुळेपर्यंत चर्चा पुढच्या शतकात पोचलेली असायची.

ऑक्टोबरात आमच्या प्राध्यापक बाईंनी पाटपाण्याचा विषय काढला. अरबांनी इथे पाट काढले, भात रुजवलं, पाटाला स्पॅनिशमध्ये आजही अरबीतून आलेलाच शब्द आहे, असं सांगून त्यांनी विचारलं, "भाताच्या शेतात कोण वाढलंय?" वर्गात बहुतेक सगळे माझ्यासारखेच परदेशातून आलेले. हात एकटा माझा वर गेला.

"मग सांग, एका खाचरातलं पाणी दुसऱ्यात कधी सोडायचं, हे कोण ठरवतं?"

मी भाषा आडवी आल्यासारखं दाखवलं, पण खरं तर मला ते मराठीतही माहीत नव्हतं. चिखलात उतरायच्या वयात 'तू अभ्यास कर' म्हणून मला घरी बसवलं होतं. बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात सांग."

दुसऱ्या दिवशी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते शेतावरच होते. भात पिवळं झालं होतं, कापणीआधी खाचर सुकवायचं होतं. "जरा थांब गं," म्हणत ते बांधाच्या टोकाला गेले. मला फोनमध्ये नुसतं आभाळ दिसत होतं. तेवढ्यात बाबा मोठ्याने म्हणाले, "उद्या सकाळी पानी सोडतोय."

खालून कुणीतरी खोकलं.

"बाबा, कुणाशी बोललात?"

"कुनाशी नाय."

खालचं खाचर काकांचं. बांध हातभर सरकला की नाही, यावरून हे दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. हे मला ठाऊक होतं. पण दर वर्षी बाबा असे बांधावर उभे राहून हवेला सांगतात, हे ठाऊक नव्हतं.

"मग सांगता कशाला?"

"अगं, त्याचं भात कापून पडलं असंल तर भिजंल ना! बोलनं येगळं, पानी येगळं."

वर्गात मी हे सगळं अडखळत सांगितलं. खोकण्याचा शब्द आठवेना, तेव्हा खोकूनच दाखवलं. सगळे हसले, आणि त्या हसण्यात मी पहिल्यांदा त्यांच्यातली झाले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि खालच्या भावाचं म्हणणं काय आहे? इतिहासात एकाच बाजूचं ऐकून चालत नाही."

त्या गुरुवारी त्यांनी आम्हाला मोठ्या चर्चच्या दारात नेलं. तिथे दर गुरुवारी शेतकऱ्यांनीच निवडलेली माणसं गोल बसून पाण्याचे तंटे सोडवतात, सगळं तोंडी. त्या दिवशी तक्रारच नव्हती. नावं पुकारली, कुणी पुढे आलं नाही, दोन मिनिटांत सगळे उठले.

तिथल्याच पायरीवर बसून मी काकांना फोन लावला. कित्येक वर्षांनी.

"कोन? तू? आजारी बिजारी हायस का गं?"

मी म्हटलं, अभ्यासासाठी विचारतेय, बाबा पाण्याचं सांगतात तेव्हा तुम्ही खोकता का?

काका म्हणाले, "नाय खोकलो तर त्याला वाटंल ऐकलं नाय. उभाच ऱ्हाईल मंग उन्हात."

वर्गासाठीच्या निबंधात मी हे जसंच्या तसं लिहिलं. बाबांना मात्र सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं ते वाटेना.

जुलैत घरी आले तेव्हा लावणी चालू होती. तिसऱ्या दिवशी, आम्ही तिघं भाकरी खायला बांधावर बसलो असताना, बाबांना काकांचं वाक्य सांगितलं. त्यांची भाकरी तशीच हातात राहिली. मग आईला म्हणाले, "त्याची रोपं कमी पडलीत म्हनं?"

"मला काय ठावं? तुमीच इचारा."

बाबा उठले. लावणीची रोपं वाढवतो त्या आमच्या राबात उरलेल्या रोपांच्या मुठी बांधल्या, दोन्ही काखांत घेतल्या आणि बांधावरून खाली उतरले. काका गुडघाभर चिखलात वाकून लावत होते. बाबा जवळ गेले तरी त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं ठेवू?" बाबांनी विचारलं.

काका कंबर धरून सरळ झाले. आधी रोपांकडे बघितलं, मग भावाकडे.

"त्या कोपऱ्यात ठेव," ते म्हणाले. "आन् आलाच हायस तर एक ओळ लावून जा."

बाबांनी लेंगा वर खोचला.